जाग येते, पण मनाचा कल बदलतो का? नैराश्यातून सावरल्यावर मोडाफिनिल भावनांवर काय करतं

नैराश्याला उतार पडला, नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या हॅमिल्टनच्या १७ मुद्द्यांच्या मोजपट्टीवर गुण ७ किंवा त्याखाली आले, की डॉक्टरांच्या नोंदीत माणूस सावरलेला असतो. जेवण जातं, कारण नसताना रडू येत नाही, जगण्याचा कंटाळा ओसरलेला असतो. तरीही सकाळी अकराच्या सुमारास पेंग येते. वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं. आणि कुणी सहज 'जरा बोलायचं होतं' म्हटलं, की पोटात गोळा उठतो.

या तीन तक्रारी एकाच दमात सांगितल्या जातात, म्हणून त्यांचं मूळही एकच असेल असं वाटतं. तसं नाही. पहिली तक्रार जागेपणाची, दुसरी स्मरण आणि एकाग्रतेची, तिसरी घडलेल्या गोष्टीचा मन काय अर्थ लावतं त्याची. मोडाफिनिल हे जागं ठेवणारं औषध पहिलीवर चांगलं चालतं, दुसरीवर काही अंशी चालतं. तिसरीवर त्याचा परिणाम सरळ एका दिशेने होत नाही. पहिल्या दोन सुधारल्या म्हणजे तिसरीही सुधारली, असं धरून चालण्यात सगळ्यात मोठी गफलत होते.

चेहरा अर्धा सेकंद दिसतो

भावना वाटणं आणि भावनेवर मेंदूने काम करणं यांत फरक आहे. एखादी गोष्ट घडते आणि मग आपल्याला बरं किंवा वाईट वाटतं, या दोन्हींच्या मधे मेंदू तीन कामं उरकतो: कशाकडे लक्ष द्यायचं ते ठरवतो, त्याचा अर्थ लावतो आणि त्यातलं काय लक्षात ठेवायचं ते निवडतो. हे इतक्या झटकन होतं की आपल्याला फक्त शेवट कळतो. शास्त्रज्ञ याला भावनिक प्रक्रिया म्हणतात आणि ती मोजता येते.

मोजायची कशी? पडद्यावर एक चेहरा अर्धा सेकंद दिसतो आणि जातो. आनंद, दुःख, भीती, राग, किळस, आश्चर्य यांपैकी काय दिसलं, की चेहरा कोराच होता, त्याचं बटण दाबायचं. खुबी अशी की भावना दर वेळी पूर्ण नसते. कोरा चेहरा आणि पूर्ण हसरा चेहरा संगणकावर मिसळून दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्या केलेल्या असतात. २० टक्के हसू म्हणजे ओठांच्या कोपऱ्यात जेमतेम हालचाल. नैराश्यात असलेल्या माणसाला आनंद ओळखायला वरची पायरी लागते, आणि कोऱ्या चेहऱ्यात त्याला दुःख किंवा नाराजी दिसते. बघणाऱ्याला वाटतं समोरचा रागावलाय. समोरचा नुसता बघत असतो.

दुसरी चाचणी शब्दांची. 'प्रेमळ', 'लबाड', 'कष्टाळू', 'उद्धट' अशी स्वभावाची विशेषणं एकामागून एक येतात. कुणी तुमच्याबद्दल असं बोललं तर आवडेल की नाही, एवढंच सांगायचं. थोड्या वेळाने, आधी कल्पना न देता, आठवतील ते शब्द लिहायला सांगतात. किती आठवले हे मोजतातच, पण यादीत नसलेले कोणते शब्द 'आठवले' हेही मोजतात. यादीत नसलेला 'आळशी' हा शब्द कुणी खात्रीने लिहून दिला, तर स्मरण कुठल्या बाजूला झुकलंय ते त्या एका शब्दातून कळतं.

या झुकण्याला आपण मनाचा कल म्हणू. ऑक्सफर्डमधल्या कॅथरीन हार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली: नैराश्यावरची काही औषधं पहिल्याच मात्रेनंतर हा कल बदलायला लागतात, माणसाला स्वतःला काहीही बरं वाटत नसताना. मग त्या बदललेल्या कलाने तो रोजची माणसं, रोजची बोलणी नव्याने वाचतो, आणि काही आठवड्यांनी मनःस्थिती सुधारते. नैराश्याच्या गोळीला गुण यायला वेळ का लागतो, याचं हे फार पटणारं उत्तर आहे.

आजार उतरल्यावरही हा कल पुष्कळांमध्ये थोडाफार शिल्लक राहतो, आणि म्हणून तो महत्त्वाचा. एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना ते पुन्हा गाठतं, आणि प्रत्येक खेपेनंतर ही शक्यता वाढत जाते. आजार उलटण्याच्या वाटेवर हा उरलेला कल बसलेला असतो.

गोळी नेमकं काय हलवते

मोडाफिनिल फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात सापडलं. नार्कोलेप्सी या आजारात माणसाला दिवसा आवरता न येणारी झोप येते. त्यासाठी अमेरिकेत १९९८ साली त्याला मान्यता मिळाली. पुढे श्वास अडकून झोपमोड होण्याच्या आजारातल्या पेंगेसाठी आणि रात्रपाळीमुळे येणाऱ्या पेंगेसाठीही तिथे ते मान्य झालं. युरोपात मात्र औषध नियामकांनी २०१०-११ च्या फेरतपासणीनंतर ते नार्कोलेप्सीपुरतं मर्यादित केलं. नैराश्य किंवा त्यानंतर उरलेला थकवा हा त्याचा मान्यताप्राप्त उपयोग नाही. मानसोपचारतज्ज्ञ ते देतात तेव्हा स्वतःच्या निर्णयाने, फायद्या-तोट्याचा विचार करून देतात. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर आणून घ्यायचं हे औषध नव्हे.

मेंदूतल्या पेशी डोपामाइन हे एकमेकींना निरोप देणारं रसायन सोडतात आणि काम झालं की एका खास प्रथिनामार्फत ते परत आत ओढून घेतात. मोडाफिनिल या परत ओढण्याच्या वाटेत आडवं येतं. २००९ साली नोरा व्होल्कोव्ह यांच्या गटाने १० निरोगी पुरुषांना २०० आणि ४०० मिलिग्रॅम देऊन मेंदूची चित्रं काढली, तेव्हा डोपामाइन वाढलेलं दिसलं, बक्षिसाची चाहूल लागणाऱ्या भागातसुद्धा. नॉरॲड्रेनालिन, हिस्टामिन आणि ओरेक्सिन या जाग राखणाऱ्या यंत्रणाही या औषधाने कामाला लागतात.

म्हणजे हात पडतो तो जाग, उत्साह आणि एखाद्या गोष्टीमागे लागण्याची इच्छा यांवर. नैराश्याच्या नेहमीच्या बहुतेक गोळ्या सेरोटोनिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाच्या वाटेने जातात. ही वाट निराळी. जागा मेंदू शांतच असेल असं नाही. तो नुसता अधिक सावध असू शकतो, आणि कल जर वाईटाकडे असेल तर ती सावधगिरी वाईटाच्याच शोधात खर्च होते.

प्रयोग काय सांगतात

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी लोकांना रोज १०० मिलिग्रॅम मोडाफिनिल ७ दिवस दिलं, आणि वेगळ्या खेपेला तितकेच दिवस बिनऔषधी गोळी. मग स्कॅनरमध्ये त्यांना भेदरलेले चेहरे दाखवले. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा ॲमिग्डला नावाचा भाग असतो, धोक्याची घंटा वाजवणारा. औषधावर असताना त्याचा प्रतिसाद सौम्य झाला. विचारांच्या कामात मेंदूचा पुढचा भाग तितकंच काम कमी खटाटोपात उरकताना दिसला. ही चांगली बातमी.

आता दुसरी बाजू. २००७ च्या एका छोट्या अभ्यासात निरोगी माणसांची मनःस्थितीच विचारली गेली. मोडाफिनिलवर असताना उत्साह, उमेद वाढली. त्याच वेळी अस्वस्थता, चिंतेच्या बाजूच्या भावनाही वाढल्या.

हे एकमेकांच्या विरुद्ध वाटतं, पण आमच्या मते दोन्ही खरं असू शकतं. पहिल्या प्रयोगात बाहेरून आलेल्या एका चित्रावर मेंदू किती दचकतो ते मोजलं. दुसऱ्यात माणूस बसल्या जागी आतून कसा आहे ते विचारलं. दचकणं कमी होऊन आतली धडधड वाढणं शक्य आहे. म्हणूनच 'हे औषध भावनांसाठी चांगलं की वाईट' हा प्रश्नच कच्चा ठरतो. कुठल्या भावनेचा कुठला टप्पा, ते विचारायला हवं.

नैराश्यातून सावरलेल्यांवरचा एक नेटका प्रयोग केंब्रिजमध्ये झाला आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला. ६० जणांपैकी काहींना २०० मिलिग्रॅमची एकच मात्रा मिळाली, बाकीच्यांना बिनऔषधी गोळी. कुणाला काय मिळालं हे त्यांना आणि तपासणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. औषध घेतलेल्यांचं प्रसंग-स्मरण, म्हणजे कुठली आकृती कुठल्या चौकटीत होती ते आठवणं, सुधारलं. हातातली माहिती तात्पुरती धरून ठेवण्याची ताकदही सुधारली. एकाग्रता टिकवणं आणि आखणी करणं यांत मात्र फरक दिसला नाही.

या सगळ्या 'थंड' चाचण्या होत्या. आकृती, जागा, क्रम. त्यात कुणाचं बोलणं लागत नाही, कुणाचा चेहरा पडत नाही. चेहऱ्यांच्या आणि विशेषणांच्या चाचण्या 'गरम'. थंड स्मरण सुधारलं, की माणूस अपमानसुद्धा अधिक बारकाईने लक्षात ठेवू शकतो. तल्लख स्मरणाला चांगलं-वाईट कळत नाही. काय साठवायचं ते कल ठरवतो. आणि एका मात्रेवरून महिनाभराच्या वापराचा अंदाज बांधता येत नाही, कारण कलाचा परिणाम रोजच्या अनुभवातून हळूहळू साठतो.

रात्रीचा हिशेब

औषधाने भावनांवर होणारा सगळ्यात खात्रीचा तोटा दिवसा होत नाही, रात्री होतो, आणि तो टाळता येण्यासारखा आहे.

मोडाफिनिल पोटात गेल्यावर २ ते ४ तासांत रक्तात कमाल पातळीला पोचतं. भरल्या पोटी घेतलं तर साधारण तासभर उशिरा. रक्तातलं औषध निम्म्यावर यायला १२ ते १५ तास लागतात. समजा सकाळी ७ वाजता २०० मिलिग्रॅम घेतलं. दहाच्या आसपास ते ऐन भरात, आणि रात्री दहाला साधारण निम्मं अजून रक्तात. म्हणजे झोपायच्या वेळी १०० मिलिग्रॅमचा भार अंगात. तीच गोळी राहून गेली म्हणून दुपारी एकला घेतली, तर निम्म्यावर यायला पहाटेचे तीन-चार वाजतात. शिवाय रोज घेताना आदल्या दिवसाचं थोडं शिल्लक असतंच, म्हणून पहिल्या दिवशीचा अनुभव आणि चौथ्या दिवशीचा अनुभव सारखा नसतो.

झोपेचा आणि भावनांचा संबंध किती घट्ट आहे, हे २००७ च्या एका प्रयोगाने ठळकपणे दाखवलं. सुमारे ३५ तास जागं ठेवलेल्या निरोगी तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली, तेव्हा त्यांच्या ॲमिग्डलाचा प्रतिसाद झोप घेतलेल्यांपेक्षा ६० टक्क्यांहून अधिक होता, आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी असलेला दुवा सैल झाला होता. रोज तासभर झोप कमी होणं इतकं टोकाचं नसतं. पण नैराश्य येऊन गेलेल्या मेंदूला झोपेची मोडतोड परवडत नाही, आणि मोडाफिनिल पेंग झाकून ठेवतं, त्यामुळे झोप कमी पडतेय हे दिवसा जाणवतच नाही. डोळे टक्क उघडे, चिडचिड मात्र वाढलेली: असं चित्र दिसलं तर आधी रात्री किती तास झोप झाली ते बघा.

नियम साधा: गोळी उठल्या उठल्या, आणि ठरलेल्या वेळेनंतर दोन तास उलटून गेले तर त्या दिवशी ती सोडून द्यायची. संध्याकाळी भरपाई करायची नाही.

शरीर ओरडतं आणि मन भलताच अर्थ लावतं

डोकेदुखी, मळमळ, तोंडाला कोरड, भूक मंदावणं, नाडी थोडी वाढणं हे मोडाफिनिलचे नेहमीचे परिणाम. यांतली प्रत्येक गोष्ट चिंतेचं लक्षणही आहे. कधी काळी नैराश्यासोबत चिंतेचा त्रास झालेला माणूस छातीतली धडधड 'औषध चढतंय' अशी वाचत नाही. 'काहीतरी वाईट होणार' अशी वाचतो. मग त्या वाचनाला साजेसं कारण शोधतो, आणि शोधलं की सापडतंच. सकाळच्या बैठकीत वरिष्ठांनी नमस्काराला उत्तर दिलं नाही, हे पुरेसं असतं.

यावर एक उपाय चांगला चालतो. गोळी घेतल्यापासून किती तास झाले ते मनात मोजायचं. अस्वस्थता रोज दुसऱ्या ते चौथ्या तासाच्या पट्ट्यातच येत असेल आणि दुपारनंतर आपोआप ओसरत असेल, तर ती बहुधा औषधाची आहे. वेळेशी काही ताळमेळ नसेल तर तिचं मूळ दुसरीकडे शोधावं. पोटात काही नसणं आणि कॅफीन हे दोन्ही ही धडधड वाढवतात; पहिले दोन आठवडे कॅफीन निम्म्यावर आणलं तर कशाने काय होतंय ते वेगळं ओळखू येतं.

दुसऱ्या गोळ्यांशी गाठ

सावरल्यानंतरही बरेच लोक नैराश्याची गोळी पुढे चालू ठेवतात, आणि ते योग्यच आहे. पण मोडाफिनिल यकृतातल्या सीवायपी-२-सी-१९ या विकराला, म्हणजे औषधं मोडणाऱ्या प्रथिनाला, अडवतं. सिटॅलोप्राम आणि एस्सिटॅलोप्राम या नैराश्यावरच्या गोळ्या मोडायला याच विकराची मदत लागते. तो अडला की त्यांची पातळी वाढू शकते. सिटॅलोप्रामसोबत हा विकर अडवणारं औषध असेल तर दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, अशी अमेरिकी नियामकांची सूचना आहे, कारण जास्त पातळीला हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते.

याचा भावनांशीही संबंध लागतो. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांवर अनेकांच्या भावना बोथट होतात: दुःख कमी, पण आनंदही पुसट. मोडाफिनिल सुरू केल्यावर कुणी म्हणालं 'जाग आली, पण कशातच काही वाटत नाही', तर दोष नव्या गोळीवर टाकण्याआधी जुन्या गोळीची वाढलेली पातळी ही शक्यता तपासून घ्यावी. मात्रा बदलण्याचं काम अर्थातच डॉक्टरांचं.

दुसरी गाठ अधिक गंभीर. मोडाफिनिल सीवायपी-३-ए-४ या दुसऱ्या विकराला चेव आणतं, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, पट्ट्या आणि रोपणं यांचा भरवसा कमी होतो. औषध चालू असताना आणि थांबवल्यावरही किमान १ महिना (काही देशांतल्या सूचनेनुसार २ महिने) दुसरा उपाय वापरावा लागतो. गरोदरपणात हे औषध घेतल्यास बाळात जन्मजात दोषाचा धोका असल्याचा इशारा आहे.

सुरुवातीच्या आधी आणि नंतर

आधी एक भेद स्पष्ट करून घ्यावा: पेंग की थकवा? शांत, अंधाऱ्या खोलीत दुपारी आडवं केलं तर पेंगणारा माणूस झोपून जातो. थकलेला माणूस छताकडे बघत पडून राहतो. एपवर्थच्या ८ प्रश्नांच्या मोजपट्टीवर २४ पैकी १० च्या वर गुण आले तर पेंग नेहमीपेक्षा जास्त समजतात. पेंग असेल तर मोडाफिनिलचा विचार करण्यात अर्थ आहे. नुसता थकवा असेल तर फायदा बेताचाच. आणि दोन्हींच्या मागे थायरॉइड, रक्तातलं लोह, बी-१२, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, मिर्टाझापिनसारखी रात्रीची गुंगी आणणारी गोळी यांपैकी काही आहे का, ते आधी पाहिलं पाहिजे. तपासणी न करता जागं ठेवणारी गोळी देणं म्हणजे दुखणं झाकणं.

मग वही. गोळी सुरू करण्याआधी पूर्ण ७ दिवस नोंदी ठेवाव्या, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? रोज एकच प्रसंग निवडायचा, माणसांशी संबंध असलेला. त्यापुढे चार गोष्टी: काय घडलं (फक्त कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच), मनात आलेला पहिला अर्थ, तासाभराने लावलेला अर्थ, आणि रात्रीच्या झोपेचे तास. एक नोंद अशी दिसेल: 'मैत्रिणीने निरोप वाचला, उत्तर नाही. पहिला अर्थ: मी नकोशी झालेय. तासाभराने: ती कामात असेल. झोप: साडेसहा.' गोळी सुरू झाल्यावर तशीच नोंद चालू ठेवायची, गोळीची वेळ जोडून.

तीन आठवड्यांनी बघायचं ते पहिल्या आणि दुसऱ्या अर्थातलं अंतर. पहिला अर्थ तसाच वाईट, पण तासाभराने तो सुटतोय, असं दिसलं तर जाग आल्यामुळे विचाराला बळ मिळालंय. कल अजून तिथेच आहे. पहिलाच अर्थ सौम्य होत चालला तर कल हलतोय. आणि तासाभरानेही वाईट अर्थ घट्टच राहतोय, उलट त्याला चार पुरावे जोडले जाताहेत, तर औषधाने दिलेली ताकद घोकण्यात चाललीय. ही वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं. जाग आली असताना पण कल जागचा हलला नसताना, विचारपद्धतीवर काम करणारं समुपदेशन फार उपयोगी ठरतं, कारण आता माणूस सत्रात पेंगत नाही आणि ठरवलेला सराव त्याच्या लक्षात राहतो. शक्य असेल तर सत्र सकाळी, गोळी भरात असताना ठेवावं.

डॉक्टर बहुधा १०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. यकृत कमजोर असेल तर मात्रा निम्मी ठेवतात. त्याच पंधरवड्यात दुसरं कुठलंही औषध वाढवू-घटवू नये. रक्तदाब सुरुवातीला आणि मग काही आठवडे पाहावा.

काही गोष्टींत वाट बघायची नसते. अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप: गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर, कारण क्वचित पण जिवावर बेतणारी त्वचेची प्रतिक्रिया होऊ शकते. चार तास झोपूनही ताजंतवानं वाटणं, बोलण्याचा वेग वाढणं, खर्च सुटणं: हा उत्साह नसून उन्मादाची सुरुवात असू शकते, आणि स्वतःला किंवा घरात कुणाला बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार) असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगायला हवं. मरणाचे विचार परत आले तर लगेच, त्याच तासाला, घरच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगायचं. हा आजार येऊन गेलेल्या माणसाने अशा विचारांशी एकट्याने झुंजायचं नसतं.

थांबवताना पेंग दोन-तीन दिवसांत परतते, आणि तिच्यासोबत 'सगळं पुन्हा सुरू झालं' ही भीतीही. वही अजून दोन आठवडे लिहीत राहावी. झोपेचे तास वाढलेत, पेंग आलीय, पण पहिला आणि दुसरा अर्थ होते तिथेच आहेत, असं नोंदींतून दिसलं तर परत आलीय ती फक्त पेंग.